गरारी हाय का?

ज्या वर्षी गुलनाजचं लग्न ठरलं आणि एका गादीपायी ते अडतं की काय असं झालं, ते वर्ष २०२३. दिवाळी नुकतीच सरली होती, घरोघर कापूस येऊन पडत होता, आणि पिंपळगाव राजाचे वहाब पिंजारी जन्मात पहिल्यांदा कापसाकडे पाठ करून बसले होते.

गुलनाज ही त्यांची थोरली नात. तिची सोयरीक जुळली चिखलीच्या फहीमशेठच्या घरी. माणसं चांगली, पोरगा सरळ, घर ऐसपैस. खोट एकच होती. फहीमशेठचं दुकान फोमच्या गाद्यांचं होतं. वहाबमियांचं फोमबद्दल मत असं, की त्यावर झोपणं म्हणजे मोठ्या पावावर झोपणं. तरी सोयरिकीच्या बैठकीत ते गप्पच बसणार होते. पण फहीमशेठ आपण होऊन बोलले.

"चाचा, या वयात तुमाले कायले तकलीफ? गादी-रजई आपल्याच दुकानातून घालू. दहा वर्षांची गॅरंटी हाय."

वहाबमियांनी चहाची बशी खाली ठेवली.

"शेठ, आमच्या घरातून जी पोरगी गेली ती घरच्या हातची गादी घेऊन गेली. माही बहीण गेली, माह्या पोरी गेल्या. पिंजाऱ्याची नात फोमवर झोपली तर माहे बापदादे कबरीत कड बदलतीन. गादी माह्या हातची, माह्या मशीनवर पिंजलेली. ती गाडीत चढन, मंगच पोरगी चढन."

सगळ्या बैठकीनं माना डोलावल्या. असं बोलणं ऐकायला छान वाटतं. डिसेंबरातला एक रविवार ठरला, तोंडं गोड झाली.

घरी येऊन वहाबमियांनी मशीन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी आतून खडखडाट झाला आणि ते थांबलं. रूळ फिरवणारं दातेरी चाक, ज्याला धंद्यात गरारी म्हणतात, त्याचे निम्मे दाते उडाले होते.

मशीन बनवणारा कारखाना बंद पडून जमाना झाला होता. खामगावच्या लेथवाल्यानं नवी गरारी करून देतो म्हटलं, पण तारीख दिली ती लग्नानंतरची. भिंतीवर बापाचं जुनं धनुष्यासारखं पिंजण टांगलेलं होतं. ते वहाबमियांनी खाली काढलं, ताणलं, आणि खांद्याला हात लावून परत भिंतीवर टांगलं.

त्यांची बायको चांदबी म्हणाली, "अजी, दुसऱ्या पिंजाऱ्याकडून पिंजून आना. कोनाले समजते?"

"मले समजते ना," वहाबमियां म्हणाले.

मग त्यांनी फोन लावला खामगावच्या भागवतला. भागवतचं जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. आता या धंद्यात एक रीत आहे. कोणीच 'नाही' म्हणत नाही. 'नाही' म्हटलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दारात गेलं. म्हणून म्हणायचं, "पाहून सांगतो." मग आपल्या ओळखीच्या चौघांना विचारायचं. ते चौघंही 'नाही' म्हणत नाहीत. ते आपापल्या चौघांना विचारतात. अशानं दोन दिवसांत नांदुऱ्यापासून मेहकरपर्यंत जो तो दुसऱ्याला गरारी विचारत होता, आणि ती कोणासाठी पाहिजे हे वाटेत कुठंतरी गळून पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहाबमियांचा फोन वाजला. मलकापूरचा ज्ञानेश्वर म्हणून कोणी भंगारवाला होता.

"चाचा, तुमी पिंजारी ना? पिंजायच्या मशीनची गरारी हाय का? एक म्हातारा लय अडून बसला म्हन्ते. नातीचं लगन हाय बिचाऱ्याच्या."

वहाबमियांना भरून आलं. आपल्यासारखाच आणखी एक जीव या जिल्ह्यात तळमळतो आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"बापा," ते म्हणाले, "माह्याजवळ एक हाय, पन तिचे निम्मे दाते गेले. त्याचं काम भागत असन तर घेऊन जा म्हना. पैसे नाई घेनार मी. नातीचं लगन हाय त्याच्या."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भागवतचा फोन.

"चाचा, पेढे काढा! सापडली!"

"कुठं बे?"

"तुमच्याच गावात! पिंपळगाव राजात एक म्हातारा हाय, त्याच्याजवळ हाय. जराशी घासेल हाय म्हन्ते. पैसेबी नाई घेत. लय दिलदार मानूस हाय म्हन्ते!"

वहाबमियां खाटेवर बसले. आपल्याला दिलदार म्हटल्याचं बरं वाटलं, पण ते सुख फार टिकलं नाही.

"भागवत," ते म्हणाले, "तो म्हातारा मीच हाय."

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग भागवत म्हणाला, "मंग काय करू? पाहून सांगतो."

धाकटी नात महनूर दारात उभी राहून हे ऐकत होती. ती शेगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि रविवारची घरी आली होती. ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"दादा, हे तर माझ्या प्रोजेक्टचं आहे!"

"तुह्या प्रोजेक्टचं? गरारी माही तुटली."

"तसं नाही. आम्हाला हेच शिकवतात. समजा मधात मोठा कॉम्प्युटर नाही. नुसते फोन आहेत, सगळे सारखे. जे पाहिजे ते कोणाजवळ आहे हे कोणालाच माहीत नाही. मग एक फोन चौघांना विचारतो, ते चौघं आणखी चौघांना. गर्दी होते, आणि प्रश्न फिरून फिरून विचारणाऱ्याच्याच घरी येतो."

"आला ना. मी त्याले पानीबी पाजलं."

"त्याला दोन उपाय आहेत. एक म्हणजे प्रश्नावर खूण करायची. ज्यानं तो एकदा ऐकला, त्यानं पुन्हा पुढं ढकलायचा नाही. आणि दुसरा..." ती विचारात पडली, आणि तिचं लक्ष चुलीपाशी बसलेल्या चांदबीकडं गेलं. "दादीला विचारलं की कोणाच्या घरी पाटा आहे, कोणाच्या घरी मोठं पातेलं आहे, तर दादी उठून घरोघर पाहायला जाते का?"

"छ्या. ती बसल्या जागी सांगते."

"कसं सांगते?"

"गल्लीतलं सगळं तिच्या कानावरून जाते ना. जाता जाता ती ठेवून घेते."

"बस! तेच. उत्तर ज्याच्या हातून जाईल त्यानं ते स्वतःजवळ ठेवून घ्यायचं. मग पुढच्या वेळी प्रश्न लांब जायची गरजच नाही, जवळचाच कोणी सांगतो. एका जागी सगळं साठवायचं नाही, सगळ्यांनी थोडं थोडं ठेवायचं. आणि जागा भरली की जे कोणी विचारत नाही ते टाकून द्यायचं."

वहाबमियांनी डोकं खाजवलं. "म्हंजे एकेका फोनात एकेक तुही दादी?"

"हो."

"मंग बॅटरी नाई टिकनार."

"मी काय इतकी बोलते?" चांदबी चुलीपासून ओरडली. "मले फोनात घालू नका. सांगून ठेवते!"

पण महनूरनं घातलंच. कॉलेजात तिनं हे हजार खोट्या फोनांवर कॉम्प्युटरमध्ये चालवून पाहिलं होतं. आता तिला खरे फोन पाहिजे होते. पुढचे दोन आठवडे ती एसटीनं फिरली. भागवतच्या फोनात घातलं, ज्ञानेश्वरच्या घातलं, शेगावच्या एका गादीवाल्याच्या, चिखलीत दोघा-तिघांच्या. नाव ठेवलं 'हाय का'. ज्याच्याजवळ जे असेल ते त्यानं आपल्या फोनात लिहायचं. बाकीचं फोनाफोनांत आपसात.

खोटे फोन तिचं म्हणणं ऐकत होते. खरे ऐकेनात. भागवतनं सगळं दुकान लिहायच्या ऐवजी 'सगळं हाय' असं एकच लिहिलं, आणि कोणी काहीही विचारलं की खामगाव पुढं यायला लागलं. ते तिनं गोड बोलून दुरुस्त केलं. इकडे कॅलेंडरवरचा रविवार जवळ येत होता. कापूस कोपऱ्यात तसाच पडून होता. त्यावर मांजर व्यायली. वहाबमियांनी ते अपशकुन धरायचं की शुभ, यावर चांदबीशी एक सकाळ वाद घातला.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा महनूरनं शेगावहून फोन केला. "दादा, आता विचारा."

वहाबमियांनी चष्मा लावला आणि एका बोटानं लिहिलं, 'पिंजण गरारी'. बोट उचलेपर्यंत उत्तर आलं. 'वामनराव, चिखली. आहे.'

"या अल्ला," ते म्हणाले. "डोळा लवायच्या आत."

"शेगावच्या गादीवाल्याच्या फोनानं सांगितलं," महनूर अभिमानानं म्हणाली. "कोणीतरी आधी विचारलं असेल, त्यानं ठेवून घेतलं. प्रश्न चिखलीपर्यंत गेलासुद्धा नाही!"

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवण्यासारखं होतं, पण तेव्हा ते कोणी लक्षात ठेवलं नाही. वहाबमियांनी टोपी घातली आणि चिखलीची वाट धरली.

वामनराव हे जिनिंगमधले, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातले, जुने फिटर. रिटायर होऊन वर्षं झाली होती. अंगणात लोखंड इतकं की तुळशीला जागा सापडत नव्हती. दार उघडलं त्यांच्या बायकोनं, गीताबाईंनी. त्यांनी वहाबमियांकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गरारीवाले का?"

"हाव माय."

"या. बसा. चहा ठेवेलच हाय." आणि आत तोंड करून, "अहो, आला अजून एक!"

वामनराव धोतर सावरत लगबगीनं बाहेर आले. चेहरा पाहुणा आल्याचा. त्यांनी वहाबमियांना खुर्ची दिली, गावाचं नाव विचारलं, तिथल्या कोणा मुकादमाची आठवण काढली, जिनिंगमध्ये आग लागली तेव्हाची हकिकत सांगायला घेतली. आग निम्मी विझेपर्यंत वहाबमियांनी दम धरला.

"राव, गरारी?"

"ती गेली," वामनराव म्हणाले. "मंग काय झालं, पानी मारता मारता तो मुकादमच..."

"गेली? मंग फोनात 'हाय' काऊन लिहेल हाय?"

वामनरावांनी गीताबाईंकडं पाहिलं. गीताबाईंनी छताकडं.

"सांगा ना आता," त्या म्हणाल्या. "सकाळी मेहकरच्या मानसाले काय सांगितलं तेच सांगा."

"असं हाय भाऊ," वामनराव हळू आवाजात म्हणाले, "इतके दिवस पेपरवाला सोडून या दारात कोनी येत नव्हतं. पेपरवालाबी फेकूनच जाते. त्या पोरीनं फोनात ते घातलं, मी गरारी लिहिली, तवापासून मानसं येऊन राह्यली. देऊळगावचा एक आला, त्यानं तर दोन घंटे ऐकलं माहं. गरारी गेल्यावर मी 'नाही' लिहाले बसलो होतो. पन मंग वाटलं, 'नाही' लिहिलं तर येईन कोन?"

"अन् माह्या नातीचं लगन?" वहाबमियां उभेच राहिले. "रविवारी निकाह हाय! गादी नाई झाली तर पोरगी गाडीत नाई चढनार, असं मी भर बैठकीत बोलून बसलो!"

वामनराव चपापले. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"थांबा, थांबा. पिंपळगाव राजा म्हनले ना तुमी? निम्म्या दात्यांची गरारी फुकट देनारा तो दिलदार म्हातारा तुमीच का?"

"मीच."

"अवो, हे ते आले!" चहा आणायला आत गेलेल्या गीताबाईंना वामनराव ओरडून म्हणाले. "साखर जास्त घाला!"

यावर माणसानं काय रागवावं? वहाबमियांनी चहा घेतला. बशी संपताना विचारलं, "नेली कोनं?"

"इथलेच हायत. फहीमशेठ. फोमवाले."

बशी हातातच राहिली. वहाबमियांना सगळं लख्ख दिसलं. फोमवाल्याला पिंजायच्या मशीनची गरारी कशाला पाहिजे? कापूस पिंजला जाऊ नये म्हणून! गादी झाली नाही पाहिजे, बैठकीतलं बोलणं गिळायला लागलं पाहिजे, आणि रविवारी फोम गाडीत चढला पाहिजे. ते तिथून निघाले ते थेट बाजारातल्या त्या दुकानात. वाटेत त्यांनी चार वाक्यं तयार केली. एकेक असं होतं की सोयरीक जागेवर तुटावी.

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. फहीमशेठ गडबडून उठले. "चाचा! तुमी? बसा, बसा."

वहाबमियां समोरच्या गादीवर बसले आणि ते बसतच गेले. गुडघे छातीपर्यंत आले, टोपी पुढं सरकली. या आसनातून पहिलं वाक्य काही बाहेर येईना. कडक बोलायला माणसाला टेकू लागतो.

"शेठ," ते खालून म्हणाले, "माही गरारी."

फहीमशेठनी गल्ल्यामागून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. गरारी होती. दाते सगळे होते. वर तेलाचा हात फिरवलेला होता.

"कवाची वाट पाहून राह्यलो तुमची," फहीमशेठ म्हणाले. "तुमचं मशीन बंद पडलं हे समजलं, अन् वामनरावांकडून उचलून आनली. फोनात लिहून ठेवलं, 'गरारी आहे, फहीम, चिखली'. म्हटलं चाचा विचारतीन, माहं नाव दिसन, येतीन. तुमी येतच नाई! मले वाटलं, फोमवाल्याचं नाव पाहूनच फोन ठेवून दिला."

"मले तर वामनरावच दिसले."

"मले काय माहीत!"

"सरळ फोन काऊन नाई केला?"

"बैठकीत तुमी तसं बोलल्यावर मी फोन करून म्हनलो असतो, चाचा गरारी घ्या, तर घेतली असती?"

वहाबमियांनी नीट विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती.

"नाई," ते म्हणाले.

फहीमशेठ जवळ वाकले आणि गिऱ्हाइकांकडं एक नजर टाकून अगदी हळू बोलले. "माह्या अब्बांची गादी पिंपळगावच्याच पिंजाऱ्यानं भरेल होती. मी आजबी तिच्यावरच झोपतो. फोमवर माही कंबर धरते. पन हे इथं मोठ्यानं बोलू नका, चाचा."

वहाबमियांनी मान डोलावली. तयार केलेली चारही वाक्यं पोटातच राहिली. मग ते म्हणाले, "शेठ, एक काम करा. मले यातून वर काढा."

एका गिऱ्हाइकानं एक हात धरला, फहीमशेठनी दुसरा. त्यानंतर त्या गिऱ्हाइकानं ती गादी घेतली नाही.

वहाबमियां घरी आल्यावर महनूरनं फोनावर सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं, दादा. जवळच्या फोनानं जुनं उत्तर दिलं, म्हणून प्रश्न फहीम अंकलपर्यंत गेलाच नाही. उत्तराला वय द्यायचं राहून गेलं. आता देते. गरारीबिरारीचं उत्तर तीन दिवसांनी आपोआप गळून पडेल, कापसाच्या भावाचं एका दिवसात. मग पुन्हा मालकालाच विचारायचं."

"अन् तुह्या दादीच्या उत्तराले किती वय?"

"तिच्यापुढं माझं चालत नाही."

"ऐकू येते मले!" चांदबी म्हणाली.

गरारी बसली. मशीन फिरलं. आधी मांजरीला पिल्लांसह टोपलीत हलवावं लागलं, मग कापूस आत गेला आणि पलीकडून दुधाच्या सायीसारखा बाहेर आला. वहाबमियांच्या दाढीवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस बसला. चांदबीनं खोळ शिवली. दोघांनी मिळून टाके घातले, आणि टाके सरळ की वाकडे यावर शेवटच्या टाक्यापर्यंत भांडले.

रविवारी गादी गाडीत चढली. ती इतकी जड झाली होती की नवरदेवाकडच्या पोरांना उचलताना घाम फुटला. एक जण म्हणाला, "चाचा, हिच्यात दगड भरले का?" वहाबमियां म्हणाले, "हिले गॅरंटी नाई लागत बे. उचल." मग गुलनाज चढली. रडत होती, पण गादीला टेकून रडत होती. लग्नाला वामनराव आणि गीताबाईही आले होते. जिनिंगच्या आगीची हकिकत वामनरावांनी तिथं नवरदेवाच्या मामाला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली.

त्याच मांडवात महनूरनं वामनरावांकडून फोन मागून घेतला. "आजोबा, गरारी आता काढून टाकू ना?"

"टाक," ते म्हणाले. चेहरा पडला होता. मग म्हणाले, "पोरी, दुसरं काही लिहिता येते का त्याच्यात? जे हाय ते?"

"येतं ना. काय लिहू?"

वामनरावांनी बायकोकडं पाहिलं. "चहा लिही."

तिनं लिहिलं. 'चहा. वामनराव, चिखली. आहे.' गंमत म्हणून भागवतनं विचारून पाहिलं, ज्ञानेश्वरनं पाहिलं, आणि त्या हिवाळ्यात चिखलीला कामाला गेलेली धंद्यातली माणसं त्या अंगणात बसून यायला लागली. वहाबमियां गुलनाजला भेटायला गेले की आधी तिथं बसत. आगीची हकिकत त्यांना पाठ झाली होती. मुकादमाचं नाव वामनराव विसरले की ते सांगत.

नंतर एकदा महनूरनं गीताबाईंना विचारलं, ते लिहिलेलं आता काढून टाकू का. दुसऱ्यांच्या फोनांतलं तीन दिवसांत गळून पडेल, तुमच्या या फोनातलं तेवढं हातानं काढावं लागेल.

"राहू दे," गीताबाई म्हणाल्या. "चहा तर हायच ना." फोन त्या रोज चार्जिंगला लावतात. कोणी आलं की चहा टाकतात. आगीची हकिकत त्यांना पूर्ण येत नाही. ती वहाबमियां सांगतात.

वामनराव बुधवार, ७ फेब्रुवारी २०२४ रोजी सकाळी चिखलीत राहत्या घरी वारले.